आंघोळीचं परमिट

गरम पाण्याच्या बाबतीत मराठी माणूस लाडावलेला आहे. मे महिन्यात अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतानाही तो बादलीत हात घालून बघतो आणि "कोमट आहे" म्हणून कुरकुरतो. निसर्गानेही त्याचा हा स्वभाव ओळखून फार पूर्वीच व्यवस्था करून ठेवली आहे. तानसेच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, महाडजवळ सव, पुढे उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, थेट राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत कोकणभर कुंडं. खानदेशाने रुसू नये म्हणून उनपदेव आणि मराठवाड्याच्या वाट्याला उनकेश्वर. यातल्या बहुतेक ठिकाणी जायची रीत एकच. एसटीतून उतरायचं, टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि पाण्यात पाय सोडायचे. एसटी आणि पाणी यांच्यामध्ये फार तर नारळाचं दुकान, चहाची टपरी आणि शेवाळलेल्या चार पायऱ्या. वज्रेश्वरीच्या पाण्याबद्दल तर असं सांगतात की देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त अजून गरम आहे. म्हणजे कष्टाचं काम देवीने आधीच उरकलेलं.

अशा पाण्यावर वाढलेली आम्ही सहा माणसं सध्या कोलोरॅडोत एका आंघोळीची तयारी करत आहोत.

ठिकाणाचं नाव कोनंड्रम हॉट स्प्रिंग्ज. ॲस्पेन या गर्भश्रीमंत गावाच्या दक्षिणेला, मरून बेल्स-स्नोमास नावाच्या राखीव रानात. गाडीरस्ता संपतो तिथून साडेआठ मैल, म्हणजे जवळजवळ 14 किलोमीटर, एका ओढ्याच्या काठाने दरी चढत जायचं. सुरुवातच साधारण 8,750 फुटांवर होते आणि पाणी आहे 11,200 फुटांवर. कळसूबाई 5,400 फूट. तेव्हा जिथे बुटांच्या नाड्या बांधायच्या तीच जागा महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याच्या दीडपटीहून वर आहे. वर पोचल्यावर काय, तर दगड रचून अडवलेलं, कमरेएवढं, साधारण 38 अंश सेल्सियसचं पाणी. रात्री तिथेच तंबूत झोपायचं, कारण एका दिवसात सतरा मैल चालणारे पाय आमच्यापैकी कोणाकडेच नाहीत.

आमच्याकडे सध्या चिपळूणकडचे मामा उन्हाळ्यासाठी आले आहेत. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर "ही गाडी का जाते आहे" हा प्रश्न विचारायची सवय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आमच्या तळघरातल्या हीटरपाशी जाऊन आले.

"हा किती अंशांवर लावलाय रे?"

"एकशे वीस फॅरेनहाइट. म्हणजे एकोणपन्नास सेल्सियस."

"आणि ते डोंगरातलं अडतीस."

"हो."

"म्हणजे घरात आहे त्याहून कोमट पाण्यात बसायला चौदा किलोमीटर चढायचं. आमच्याकडे कोणी असं बोलला असता तर घरच्यांनी देवाला कौल लावला असता."

मी त्यांना विज्ञान सांगितलं. डोंगरावरचं बर्फ वितळून जमिनीत मुरतं, भेगांमधून खोल खाली जातं, जितकं खाली तितकं तापतं आणि मग दुसऱ्या भेगेतून दाबाने वर येतं. त्या पाण्यानेसुद्धा एवढी पायपीट केलेली असते, तर आपण थोडी करावी, असा माझा मुद्दा होता.

"पाण्याचं ठीक आहे," मामा म्हणाले. "त्याला परमिट लागत नाही."

परमिट हा आमच्या घरातला नाजूक विषय आहे. 2018 पासून कोनंड्रमला रात्री राहायचं तर परमिट लागतं. वर क्रमांक दिलेल्या मोजक्या जागा आहेत, प्रत्येक जागेवर किती माणसं मावायची ते ठरलेलं आहे, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी संकेतस्थळ उघडलं की उन्हाळ्यातल्या चांगल्या तारखा चहा गाळून होईपर्यंत संपतात. इथे मात्र आमच्या गटाचं शिक्षण कामाला आलं. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीचं आरक्षण ज्याने एकदा काढलं आहे त्याला जगातलं कुठलंही संकेतस्थळ घाबरवू शकत नाही. सहा माणसं, सहा फोन, एकाचं बोट लागलंच. शनिवार-रविवार अर्थातच मिळाले नाहीत. ऑगस्टमधला एक मंगळवार मिळाला. जल्लोष झाला, पेढे नव्हते म्हणून साखर वाटली, आणि मग नागपूरच्या वहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून "अगं बाई" म्हटलं.

त्या मंगळवारी अंगारकी होती.

वहिनींची अंगारकी कधी चुकलेली नाही. उपास चंद्रोदयाला सोडायचा. चंद्रोदय साधारण साडेनऊचा. पण ही वेळ सपाट जमिनीवरची. कोनंड्रमच्या दरीला दोन्ही अंगांनी 13,000 फुटांवरचे डोंगर आहेत, म्हणजे चंद्र आकाशात उगवला तरी आमच्या दरीत कधी हजेरी लावील याचा भरवसा नाही. कोणी म्हणालं, फोनवर वेळ बघून सोडा. वहिनींनी विचारलं, फोनवरच्या चंद्राला अर्घ्य चालतं का? शिवाय वर फोनला रेंज नाही. आणि खरी अडचण तर वेगळीच होती. दिवसभर चौदा किलोमीटर चढून, नुसत्या शेंगदाणा लाडवावर राहून, ज्या क्षणी चंद्र दिसेल त्या क्षणी समोर ताट हवं. आणि अस्वलांच्या मुलखात अंधार पडल्यावर ताट समोर ठेवता येत नाही. ते तंबूपासून लांब, एका डब्यात, कुलूपबंद असतं.

या डब्याबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण आमच्या तयारीतला निम्मा वेळ त्यानेच खाल्ला.

या रानात रात्री राहणाऱ्या प्रत्येकाला अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात ठेवावं लागतं. सक्ती आहे. इथलं अस्वल म्हणजे अमेरिकन काळं अस्वल. नाव काळं असलं तरी कोलोरॅडोत ते बऱ्याचदा तपकिरी असतं, त्यामुळे ओळख पटवण्यात वेळ घालवू नये. त्याचं नाक फार तिखट. तंबूत चिक्कीचा एक तुकडा राहिला तरी ते येतं, आणि एकदा माणसाच्या खाण्याची चव लागली की परत परत येतं, आणि मग शेवटी त्यालाच मारावं लागतं. म्हणून डबा. भाड्याने दोन मिळाले. प्रत्येक काळा, गोल, जाड प्लास्टिकचा, साधारण दहा लिटर पोटाचा, रिकामा असताना सव्वा किलो. झाकण इतकं घट्ट की त्याच्या खिट्ट्या फिरवायला नाणं लागतं. जिथे चौदा किलोमीटरच्या आत एक दुकान नाही तिथे सुट्टे पैसे विसरून चालत नाही, ही गंमत मला फार आवडली. बाकीच्यांना आवडली नाही, कारण ते डबा उघडायचा प्रयत्न करत होते.

डबा उघडल्यावर कळलं की मराठी खाणं हे वासावर उभं आहे. नियम असा, की ज्याला ज्याला वास आहे ते सगळं डब्यात. आमच्या यादीत ज्याला वास नाही असं एकच होतं, पाणी. मेतकूट, लसणाची चटणी, भाजणी, लिंबाचं लोणचं, तूप, हिंग. हिंगाची डबी आमच्या घरी तीन झाकणांच्या आत असते तरी पाहुण्यांना कळते. आणि अन्नावर हे प्रकरण थांबत नाही. टूथपेस्ट, ओठांना लावायचं मलम, सनस्क्रीन, डासांचं औषध, साबण हेही डब्यातच. मामांनी आपली औषधं आणून ठेवली: अमृतांजन, व्हिक्स, गुडघ्याचं तेल, आणि छातीला चोळायचा कापूर. त्यांच्या एकट्याच्या सांध्यांनी पाव डबा भरला.

मग भांडण सुरू झालं. दोन डबे, सहा माणसं, तीन जेवणं. नाशिकच्या मित्राचं म्हणणं की पुडीत मिळणारं वाळवलेलं जेवण न्यावं. त्यात गरम पाणी ओतलं की दहा मिनिटांत इटालियन काहीतरी तयार होतं. वहिनींचं म्हणणं की डोंगर चढून जाऊन इटालियन खायचं असेल तर त्या इटलीलाच जातील. शेवटी एक बैठक झाली आणि ठराव झाला की एक जेवण तरी वरण-भाताचं असावं. आणि वरण-भात म्हटल्यावर कुकर आलाच.

कुकरवरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शास्त्रीय बाजू मात्र मी नमूद करतो, कारण ती कुकरच्या बाजूने आहे. 11,200 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश असतो आणि पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं. ते कितीही खळखळलं तरी त्याहून तापत नाही. डाळ त्या पाण्यात तासन् तास पडून राहते आणि डाळच राहते. बटाट्याचंही तेच. अशा ठिकाणी शिजवायचं तर दाब आपण घरून न्यायला हवा, आणि तो दीड किलोच्या तीन लिटरी ॲल्युमिनियमच्या भांड्यातच नेता येतो. त्या दरीत आजवर कुकरची शिटी वाजली आहे का, कोणास ठाऊक. वाजली तर शांततेसाठी आलेली बाकीची माणसं काय म्हणतील, यावर नाशिकच्या मित्राने एक लांब निरोप लिहिला. वहिनींनी त्यावर अंगठा दाखवला. तो होकाराचा होता की कसला, ते अजून स्पष्ट झालेलं नाही.

नाशिकचा मित्र हा आमच्यातला वजनकाटा. त्याच्याकडे एक तक्ता आहे आणि त्यात प्रत्येकाच्या पाठपिशवीतली प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये आहे. त्याने स्वतःच्या टूथब्रशची दांडी कापली आहे. तंबूच्या खुंट्या तो तळहातावर तोलून बघतो. कुकरच्या ओळीसमोर त्याने काहीच आकडा लिहिलेला नाही. नुसता लाल रंग भरला आहे. त्याने घेतलेला खास गिर्यारोहणाचा टॉवेल फार भारी, भराभर वाळणारा आणि वजनाला हलका म्हणून प्रसिद्ध आहे. मामांनी आपला पंचा काट्यावर ठेवला. पंचा हलका भरला. शिवाय तो नेसता येतो, डोक्याला बांधता येतो, त्यात भाकरी बांधता येते आणि वाळत घातला की अर्ध्या तासात वाळतो. नाशिकच्या मित्राने तक्त्यात पंच्यासाठी नवी ओळ घातली आणि त्या दिवसापासून तो मामांशी आदराने बोलतो.

आता पिशवीविषयी. सुसंस्कृत वाचकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण मग परमिट का आलं ते त्यांना कळणार नाही.

कोनंड्रमला पूर्वी कोणीही जायचं आणि कितीही जायचं. पाण्याभोवती तंबूच तंबू. जळणासाठी झाडं तोडलेली, कचरा पडलेला, आणि माणसं म्हटल्यावर सकाळ कोणाला चुकत नाही. खडकाळ जमीन, वरची माती थंड. खड्डा खणला तरी त्यातलं काही लवकर कुजत नाही. बरेच जण खड्डाही खणत नसत. रेंजर लोक आठवड्याच्या आठवडे दुसऱ्यांचं निस्तरत फिरायचे. शेवटी परमिट आलं, आणि त्याबरोबर आग्रह आला की आपलं आपण परत न्यावं. त्यासाठी एक पिशवी मिळते. आतल्या पिशवीत एक भुकटी असते, ती ओलाव्याचा घट्ट लगदा करते. बाहेरची पिशवी घट्ट बंद होते. आणि मग ती आपल्या पाठीवर चौदा किलोमीटर खाली येते.

आम्ही सगळे सुशिक्षित, पर्यावरणाविषयी भाषणं ऐकलेले लोक. त्या पिशवीकडे बघून सगळे गप्प. नाशिकच्या मित्राने हळूच विचारलं, की हे परतीचं वजन तक्त्यात धरायचं का, आणि धरायचं तर सरासरी किती. कोणी उत्तर दिलं नाही.

मामांनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. निवृत्तीनंतर ते गावच्या गुड मॉर्निंग पथकात होते. पहाटे पाचला टॉर्च आणि शिटी घेऊन माळावर जायचं, आणि टमरेल घेऊन बसलेल्या माणसाला गुलाबाचं फूल द्यायचं. 2018 सालीच महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं सरकारने जाहीर केलं. त्याच वर्षी कोनंड्रमला परमिट लागू झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मामा तो जोडतात.

"आम्ही फूल दिलं," ते म्हणाले. "लोक फूल घेऊन दुसऱ्या दिवशी पलीकडच्या माळावर. यांनी पिशवी दिली. पिशवीच बरी."

त्यानंतर आमच्यातल्या कोणी तक्रार केलेली नाही. निवृत्त वाहतूक नियंत्रक जर न्यायला तयार असेल तर संगणक अभियंत्यांना तोंड उरत नाही.

पाण्याजवळचे नियम त्याहून हळवे. साबण लावायचा नाही, "नैसर्गिक" असं लिहिलेलासुद्धा नाही. त्यामुळे उटणं, तीळतेल, संत्र्याची साल वगैरे अभ्यंगस्नानाचा जो घाट घालायचा बेत होता तो बारगळला. बुडी मारायची नाही, कारण कोमट नैसर्गिक पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकातून मेंदूपर्यंत जातो आणि मग फारसं काही करता येत नाही. असं होणं अतिशय दुर्मिळ असलं तरी डोकं वर ठेवावं. साबण नाही, बुडी नाही. मामांच्या मते मग याला आंघोळ म्हणताच येत नाही, हे नुसतं भिजणं झालं.

आणि मग कपडे. कोनंड्रमला पुष्कळ लोक पाण्यात कपड्यांशिवाय उतरतात. तशी जुनी रीतच आहे आणि कोणाला तिचं काही वाटत नाही. कोकणात बऱ्याच कुंडांवर पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, मध्ये भिंत. इथे मध्ये काहीच नाही. ही माहिती कोणी कोणाला सांगायची यावर आमच्याकडे आठवडाभर कोणी बोललं नाही. बायकोने शेवटी मामांना सांगितलं, आणि आम्ही दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसलो. मामांना विशेष वाटलं नाही. "कुंभमेळ्याला गाड्या सोडल्या आहेत मी," एवढंच म्हणाले. आम्ही मात्र एक ठराव केला, की पाण्यात उतरताना सर्वांनी चष्मे काढून ठेवावेत. आमच्या गटात पाच जणांना चष्मा आहे आणि दोघांचा नंबर उणे सहाच्या पुढे. सगळा प्रश्न नेत्रतज्ज्ञांनी आधीच सोडवून ठेवला आहे. सहावे मामा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असून त्यांना आता लांबचंही स्वच्छ दिसतं. त्यावर ठरावात तरतूद नाही.

शोधता शोधता मला गाईंची गोष्ट सापडली आणि मी ती गटावर टाकली. टाकायला नको होती, असं बायकोचं मत. 2012 च्या वसंतात हवाई दलाच्या अकादमीतले दोन छात्र बर्फावरून चालत कोनंड्रमला गेले. पाण्याजवळ रेंजरची एक जुनी लाकडी खोपटी होती. तिच्यात डोकावले तर आत गोठून मेलेल्या गाई. आदल्या शरद ऋतूत डोंगरापलीकडच्या कुरणातून भरकटलेल्या, हिमवादळात आसऱ्याला आत शिरलेल्या, आणि परतीची वाट न सापडलेल्या. बर्फ वितळलं की त्या कुजणार, पाणी नासणार, अस्वलं येणार. काढायच्या कशा? रस्ता नाही. हेलिकॉप्टरला पैसे फार. खोपटीसकट जाळून टाकावं का, असा विचार झाला. स्फोटकं लावावीत का, असाही विचार वनखात्याने गंभीरपणे केला, आणि वर्तमानपत्रांनी तो जगभर नेला. शेवटी माणसं वर चालत गेली आणि हातकरवतींनी जे करायचं ते केलं.

हातकरवतीच का? तर हे रान 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखाली येतं, आणि त्या कायद्याने संरक्षण मिळालेल्या पहिल्या रानांपैकी ते एक आहे. इथे गाडी नाही, सायकल नाही, यंत्र नाही, नवीन इमारत नाही. पडलेलं झाड वाटेतून बाजूला करायचं तरी दोन माणसांनी दोन बाजूंनी करवत ओढायची.

हे मात्र मामांना पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे तिथे काहीही नाही."

"नाही."

"आणि ते काही नाही ते तसंच राहावं म्हणून एवढं खातं, एवढे नियम, परमिट, पिशव्या."

"हो."

"शहाणे आहेत. आमच्या बाजूला एक कुंड होतं. नुसतं कुंड, वर आंब्याचं झाड. आधी फरशी आली. फरशीवर शेवाळ धरलं म्हणून शेड आली. शेडला उद्घाटन लागलं म्हणून कोनशिला. कोनशिलेवर तीन नावं, त्यातलं एक चुकीचं, म्हणून दुसरी कोनशिला. आंबा शेडच्या आड येत होता, तो गेला. आता तिथे सगळं आहे. पाणी तेवढं पूर्वीचंच."

माझं मतही आता तेच झालं आहे. या रानात काही नाही म्हणून एवढी तयारी लागते अशी सुरुवातीला माझी समजूत होती. आता वाटतं, एवढी तयारी लागते म्हणूनच तिथे अजून काही नाही. ज्या दिवशी परमिटाशिवाय, डब्याशिवाय, पिशवीशिवाय जाता येईल त्या दिवशी वाटेवर मॅगी मिळेल, आणि मग जायचं कारण उरणार नाही. अर्थात मॅगी मिळाली तर मी खाईन; पण ते वेगळं.

शारीरिक तयारीही चालू आहे. डेन्व्हर 5,280 फुटांवर आहे, म्हणजे आम्ही बारा महिने जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरच राहतो, आणि तरीही दुसऱ्या मजल्यावर कपड्यांची टोपली नेताना धापा टाकतो. आता रोज संध्याकाळी पाठपिशवीत तांदळाची गोणी घालून आम्ही वसाहतीला फेऱ्या मारतो. शेजारच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, घर सोडून चाललात का? दुसरी अडचण वेळेची. ऑगस्टमध्ये इथे दुपारी आभाळ भरून येतं आणि विजा पडतात, म्हणून पहाटेच चालायला लागावं आणि दुपारच्या आत उघड्या भागातून पार व्हावं असं सगळे सांगतात. सहा मराठी माणसांनी पहाटे निघायचं तर चहा कधी करायचा, दुसरा चहा कधी करायचा, आणि "मी तयारच आहे" असं म्हणणाऱ्याला न्हाणीघरातून बाहेर कसं काढायचं, यावर मामांनी वेळापत्रक लावलं आहे. ते फ्रिजवर चिकटवलं आहे. खाली त्यांची सही आहे.

परवा त्याच वेळापत्रकासाठी नकाशा उघडला होता. डेन्व्हरहून ॲस्पेनला जाणारा आमचा मार्ग ग्लेनवुड स्प्रिंग्ज नावाच्या गावावरून जातो. मामांनी त्या नावावर बोट ठेवलं.

"इथे काय आहे?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "इथेही गरम पाणी आहे, मामा."

"किती?"

"मोठा तलाव आहे. चारशे फूट लांब. 1888 पासून चालू आहे."

"चालावं किती लागतं?"

"पार्किंगपासून."

"कपडे?"

"घालावेच लागतात."

मामा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन काढलं आणि वेळापत्रकात ग्लेनवुड स्प्रिंग्जसमोर थांबा लिहिला: उतरणारे प्रवासी, एक. दुसऱ्या दिवशीच्या परतीच्या गाडीला तिथूनच चढणारे प्रवासी, एक. पंचा त्यांनी नाशिकच्या मित्राला उसना दिला आहे.

तेव्हा आमच्या परमिटावरची सहावी जागा सध्या रिकामी आहे. चालता येणाऱ्या, उपासाला हरकत न घेणाऱ्या आणि शक्यतो चष्मा लावणाऱ्या कोणी मराठी माणसाला यायचं असेल तर त्याने जरूर कळवावं. जेवण आमच्याकडे. कुकर आळीपाळीने उचलू. पिशवी मात्र ज्याची त्यानेच.